माणसाविना जहाज आणि वैनगंगेवरचा डोंगा

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेच्या पात्रात एक नाव उलटली. नावेत शेतमजूर बाया होत्या. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा, आणि तिकडे मिरची तोडण्याचे काम लागले होते. रस्त्याने जायचे म्हणजे पुलापर्यंतचा फेरा आणि गाडीभाड्यात मजुरीचा मोठा वाटा जाणार, म्हणून नदीकाठचा मजूर आजही नावेने पलीकडे जातो. त्या दिवशी कामावर निघालेल्या बायांपैकी काही बुडून मेल्या. दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि विषय संपला.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आपल्याच महाराष्ट्रात दुसरी एक बातमी आली. 'मातंगी' नावाची बोट मुंबईहून तामिळनाडूतील तुतिकोरिनला निघाली. अंतर सुमारे १५०० किलोमीटर. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दूरदृश्य प्रणालीने हिरवा झेंडा दाखवला. या बोटीचे वैशिष्ट्य असे की, ती माणसाने हाकायची नव्हती. आपण कुठे आहोत, समोर काय आहे, कुठे वळायचे, हे तिचे तिनेच ठरवायचे होते. नौदलाच्या नवोपक्रम योजनेच्या पाठबळावर 'सागर डिफेन्स इंजिनिअरिंग' या कंपनीने ती तयार केली.

कुणी म्हणेल, समुद्र कुठे आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल कुठे? चळवळीच्या वाचकाने माणसाविना चालणाऱ्या जहाजांची उठाठेव कशाला करायची? उठाठेव करायची ती एवढ्यासाठी की, या देशात प्रत्येक नवे यंत्र येताना दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. या यंत्राचा फायदा कुणाला आणि त्याची किंमत कुणाच्या जिवावर? हे प्रश्न यंत्र आल्यानंतर विचारून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत कायदा लिहून झालेला असतो आणि तो लिहिणाऱ्यांत आपण नसतो. जहाजांचा हा कायदा आज लिहिला जात आहे. म्हणून आजच बोलले पाहिजे.

यंत्राला आपली जागा कशी कळते?

आधी यंत्र समजून घेऊ. जीपीएसचे तत्त्व साधे आहे. आकाशातील उपग्रह अचूक वेळेचे संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले यावरून खालचे यंत्र आपली जागा काढते. त्यात काही मीटरची चूक राहते. जमिनीवरच्या ठरलेल्या ठिकाणाहून दुरुस्तीचे आकडे पाठवले तर ती चूक सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येते. अमेरिकेचे जीपीएस आहे, रशिया, युरोप व चीनची आपापली व्यवस्था आहे, आणि भारताने 'नाविक' नावाची स्वतःची व्यवस्था उभी केली आहे.

जहाजावर माणूस असतो तोवर हे यंत्र फक्त सल्लागार असते. जीपीएसने चुकीची जागा दाखवली तरी अनुभवी खलाशी खिडकीतून बाहेर बघतो, दीपस्तंभ बघतो, पाण्याचा रंग बघतो आणि म्हणतो, 'हे काही बरोबर दिसत नाही.' माणूस काढून घेतला की ही खिडकी बंद होते. मग यंत्राला स्वतःवर संशय घेता आला पाहिजे. स्वायत्त जहाजांनी स्थाननिश्चितीच्या तंत्रज्ञानात घडवलेला सर्वांत मोठा बदल हाच आहे. पूर्वी यंत्र किती अचूक सांगते एवढेच विचारले जाई. आता आपले उत्तर भरवशाचे नाही हे यंत्राला वेळेवर कळते का, हेही विचारावे लागते.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या पडद्यांवर आपण जमिनीवरच्या विमानतळाजवळ आहोत असे दिसू लागले. कुणीतरी खोटे संदेश सोडले होते. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षाच्या काळात होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये असाच गोंधळ झाला. जहाजांवर माणसे होती म्हणून बहुतेकांचे निभावले. जहाज रिकामे असते तर?

म्हणूनच अशा जहाजावर एकाच डोळ्यावर विसंबून राहत नाहीत. उपग्रहाचे यंत्र असते. जहाज किती वळले, किती डोलले, किती वेगाने पुढे गेले याचा हिशेब ठेवणारे जडत्वमापक असते. हा हिशेब उपग्रहाविना चालतो, पण वेळ जाईल तशी त्यातली चूक वाढत जाते. धुक्यात आणि अंधारात दूरचे बघणारे रडार असते. लेझर किरण फेकून जवळच्या वस्तूचा आकार काढणारे लायडार असते. कॅमेरे असतात, उष्णता ओळखणारे कॅमेरेही असतात. पाण्याखालची खोली ध्वनीने मोजणारे यंत्र असते. या सगळ्यांची साक्ष संगणक एकत्र करतो, एकमेकांशी ताडून बघतो आणि निर्णय देतो. कोर्टात पाच साक्षीदार उभे राहिले आणि त्यातला एक वेगळेच बोलू लागला, तर न्यायाधीशाला विचार करावा लागतो, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की, न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात. संगणकावर ते बंधन अजून कुणी घातलेले नाही.

जग या वाटेने बरेच पुढे गेले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये 'फाल्को' नावाच्या फेरीबोटीने माणसाच्या हाताशिवाय प्रवास करून दाखवला. २०२२ साली जपानमध्ये 'सुझाकू' हे मालवाहू जहाज गजबजलेल्या टोकियोच्या खाडीतून इसेच्या खाडीपर्यंत बहुतांशी आपले आपण गेले. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये 'यारा बिर्कलंड' हे विजेवर चालणारे १२० कंटेनरचे जहाज कामाला लागले. सुरुवातीला त्यावर माणसे ठेवून ती हळूहळू कमी करायची, असे ठरले. हे जहाज खतकारखान्याच्या मालासाठी वर्षाला सुमारे ४०,००० ट्रकफेऱ्या वाचवील, असा कंपनीचा हिशेब आहे. हवा शुद्ध राहील हे खरे. पण ४०,००० फेऱ्यांमागे ट्रकचालकही असतात, हेही विसरून चालणार नाही.

मुंबई हायचा धडा

जहाजाची जागा यंत्राने सांभाळण्याची कल्पना मात्र आजची नाही. १९६१ साली अमेरिकेत समुद्राच्या तळाला भोक पाडणारी जहाजे नांगर न टाकता एका जागी उभी ठेवण्यात आली. वारा आणि लाटा जहाजाला जितके ढकलतील तितके बाजूच्या पंख्यांनी ते परत ढकलायचे, आणि हे संगणकाने सतत करत राहायचे, अशी ही पद्धत. समुद्रातील तेलविहिरींचे बरेच काम आज तिच्यावर चालते. आपल्या मुंबई हायमध्येही अशी जहाजे आहेत.

२७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच्या महापुरात बुडालेली होती. त्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' हे असेच जहाज मुंबई हाय उत्तर या ओएनजीसीच्या तेल-वायू मंचाजवळ आले. जहाजावरील एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी मंचावर चढवायचे होते. समुद्र खवळलेला होता. जहाजाची संगणकाच्या मदतीने चालणारी पंख्यांची यंत्रणा त्रास देत होती. जहाज हाताने चालवून जवळ आणले गेले आणि ते मंचाच्या वायुवाहिनीवर आदळले. वायू सुटला, आग लागली, दोन तासांत मंच नष्ट झाला. २२ माणसे गेली.

या घटनेतून दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्थ काढतात. यंत्राचे समर्थक म्हणतात, माणसाच्या हाती दिले म्हणून घात झाला. माणसाचे समर्थक म्हणतात, यंत्र बिघडले म्हणून माणसाला हातात घ्यावे लागले. माझ्या मते धडा वेगळा आहे. ज्या क्षणी यंत्र हात वर करते, तोच क्षण सर्वांत कठीण असतो आणि नेमक्या त्याच क्षणी जबाबदारी माणसाकडे येते. वर्षानुवर्षे यंत्रानेच काम केले असेल, तर त्या माणसाचा हात कसा सरावलेला राहणार? उद्या हा माणूस जहाजावरही नसेल. तो शेकडो किलोमीटर दूर एखाद्या खोलीत पडद्यासमोर बसलेला असेल, कदाचित एकाच वेळी तीन-चार जहाजांवर नजर ठेवून. अपघात झाला की आरोपपत्रात नाव मात्र त्याचेच येईल.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 'डाली' हे अवाढव्य मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत रस्ता दुरुस्त करणारे सहा मजूर मेले. सगळे स्थलांतरित. जहाजावरचे खलाशी जवळजवळ सगळे भारतीय. वीज गेली हे त्यांनी ताबडतोब कळवले, म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली आणि कितीतरी जीव वाचले. पुढे चौकशीत निघाले काय? एका तारेवरच्या नावाच्या पट्टीमुळे ती तार नीट बसली नव्हती, ती सैल झाली आणि एवढ्या मोठ्या जहाजाची वीज गेली. सैल तारेपुढे यंत्राची हुशारी चालत नाही. आणि शेवटी मेले कोण? जे अंधारात रस्त्यावर राबत होते ते.

यंत्राला कोण दिसत नाही?

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. रडारची लहर लोखंडावर आदळून जोरात परत येते. लाकडावर किंवा फायबरवर आदळून ती क्षीण येते, लाटांच्या गोंधळात हरवते. मोठ्या जहाजांवर स्वतःची ओळख आणि जागा सांगत राहणारे यंत्र बसवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. त्याला एआयएस म्हणतात. पण हे बंधन आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना आणि प्रवासी जहाजांना आहे. छोट्या मच्छीमाराच्या होडीला नाही. म्हणजे जहाजाच्या पडद्यावर मोठे जहाज नाव-गावासह दिसते आणि कोळ्याची होडी एक अस्पष्ट ठिपका असते, कधी तेही नसते.

राहिला कॅमेरा. कॅमेऱ्यामागच्या संगणकाला हजारो छायाचित्रे दाखवून 'हे जहाज, हा बोया, ही होडी' असे शिकवावे लागते. ज्या छायाचित्रांवर तो शिकला त्यात नॉर्वेची यॉट असेल आणि रत्नागिरीची होडी नसेल, तर तो रत्नागिरीच्या होडीला ओळखेलच याची खात्री कोण देणार? आमच्या वैनगंगेतील, प्राणहितेतील एका लाकडाचा डोंगा तर त्याला वाहून आलेला ओंडकाच वाटायचा. त्यावर दिवा नाही, इंजिन नाही, त्याची उष्णताही दिसत नाही. दिसेल तो फक्त बांबू रोवणारा ढिवर, आणि तोही दिसला तर.

ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. ज्याची नोंद नाही तो व्यवस्थेला दिसत नाही. जो दिसत नाही त्याच्यासाठी थांबावे, वळावे, वेग कमी करावा असे व्यवस्थेला वाटत नाही. हे माणसाच्या मनातले आंधळेपण आता यंत्रात उतरू नये, एवढीच आपली काळजी.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला सुरुवात केली. उपग्रहामार्फत नौकेची जागा कळते, वादळाचा इशारा मिळतो, संकटात मदत मागता येते. चांगली गोष्ट आहे. पण योजना समुद्रकिनाऱ्यावरच्या राज्यांतील इंजिनाच्या नौकांसाठी आहे. नदीतल्या डोंग्याला ना इंजिन, ना ट्रान्सपाँडर, ना साधे लाइफ जॅकेट.

जबाबदार कोण? साक्षीदार कोण?

वकील म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या प्रश्नाची. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालचे आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी ठेवली पाहिजे. कॅमेरा म्हणजे डोळा काय? ध्वनिग्राहक म्हणजे कान काय? हा शब्दच्छल नाही, यावर उद्या कोट्यवधींचे दावे आणि माणसांच्या मृत्यूचे खटले उभे राहणार आहेत.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या जहाजांच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर यंत्र मदत करते आणि माणूस जहाजावर असतो. दुसऱ्या पायरीवर जहाज दुरून चालवले जाते, पण माणसेही जहाजावर असतात. तिसऱ्या पायरीवर दुरून चालवले जाते आणि जहाजावर कुणी नसते. चौथ्या पायरीवर जहाज स्वतःच निर्णय घेते. यासाठीची संहिता आधी ऐच्छिक स्वरूपात २०२६ मध्ये स्वीकारायची आणि १ जानेवारी २०३२ पासून बंधनकारक करायची, असा कार्यक्रम संघटनेने ठरवला. जहाज कुठल्याही पायरीवर असो, त्याला एक जबाबदार कप्तान असलाच पाहिजे, मग तो जहाजावर नसला तरी चालेल, हे तत्त्व त्या चर्चेत मान्य झाले आहे. तत्त्व चांगले आहे. पण कप्तान परदेशात, कंपनी तिसऱ्या देशात, जहाजाची नोंदणी चौथ्या देशात आणि संगणकाचा कार्यक्रम पाचव्या देशातला, अशा वेळी पालघरच्या कोळिणीने नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई कुणाकडे मागायची?

आणि समजा मागितली, तर पुरावा काय? जहाजावर माणूसच नाही म्हणजे साक्षीदार नाही. उरते ती यंत्रातली नोंद. ती कुणाच्या ताब्यात? जहाजमालकाच्या. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्याच्या ६५-ब कलमाखाली हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला होता. तो खटलाही आपल्या जालन्याचा, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. प्रमाणपत्र देणारा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही त्याच निकालात सांगितले आहे. कायदा आहे, पण या दारापर्यंत पोचायला लागणारा वेळ, पैसा आणि तज्ज्ञ बुडालेल्या मजुराच्या घरी कुठून येणार? ज्याने धडक दिली त्याच्याच खिशात एकुलता एक साक्षीदार, ही स्थिती न्यायाची नाही.

जंगलात लिहिलेले तत्त्व

यावर उत्तर आहे आणि ते दूर शोधायला नको. ते आपल्याच जंगलात लिहिले गेले आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाची स्वायत्तता म्हणजे काय हे देशाने पाहिले. पण त्याच काळात ठिकठिकाणी वैयक्तिक दावे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून फेटाळले जात होते. छायाचित्रात शेत दिसत नाही, म्हणजे शेत नव्हतेच, असा सरळ हिशेब. झाडाखालची धान्याची बांधी उपग्रहाला दिसत नाही, ही बांधीची चूक की उपग्रहाची? लोक लढले, कोर्टात गेले. शेवटी २०१२ साली नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट लिहिले गेले की, उपग्रह छायाचित्रासारखे तंत्रज्ञान इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरावे, इतर पुराव्याच्या जागी नव्हे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही त्या नियमांनुसार पुरावाच आहे.

किती मोठे तत्त्व आहे हे! यंत्र मोजेल, पण यंत्राच्या मोजण्याने माणसाची साक्ष रद्द होणार नाही. हे तत्त्व कुठल्या विद्यापीठात जन्मले नाही, ते आदिवासी आणि वननिवासी समाजाच्या लढ्यातून आले. जहाजांच्या कायद्यातही नेमके हेच लिहिले गेले पाहिजे. जहाजाच्या नोंदीत होडी दिसत नाही, म्हणून होडी नव्हतीच, असे म्हणण्याची मुभा कुणाला असता कामा नये. किनाऱ्यावरच्या माणसाने पाहिले असेल तर ते पाहणे पुरावाच आहे.

नदी आपली, नकाशा कुणाचा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही, याला आणखी एक आधार आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर केले. त्यात १०९ क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे? आणि ही कल्पनाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने इंग्रजांनी वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून समुद्रापर्यंत नेण्याचा घाट घातला होता. नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते, त्यातला तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. बंधारे आणि कालव्यांवर बराच खर्च झाला. तोवर १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ साली काम सोडून देण्यात आले. कापूस न्यायचा होता तोवर नदी महत्त्वाची होती. काठावरच्या माणसाचे पलीकडे जाणे हा त्या योजनेचा विषयच नव्हता.

उद्या या जलमार्गावरून सुरजागडचे लोहखनिज किंवा चंद्रपूरचा कोळसा यंत्राच्या बार्जमधून न्यायचे कुणी ठरवले, तर नदीची खोली मोजायला स्वयंचलित बोटी येतील, उपग्रहाने नकाशे काढले जातील, बार्जवर सेन्सर बसतील. ढिवराचा डोंगा, त्याचे जाळे, त्याचा घाट त्या नकाशावर असेल का?

घटनेतही एक फरक दडलेला आहे. यंत्राने चालणाऱ्या जहाजांची राष्ट्रीय जलमार्गावरची वाहतूक केंद्राच्या सूचीत आहे. हाताने चालवायच्या नावेची वाहतूक राज्याच्या विषयात पडते. म्हणजे बार्जची काळजी दिल्लीला आणि डोंग्याची मुंबईला. २०२१ साली संसदेने १९१७ चा जुना कायदा रद्द करून नवा अंतर्देशीय जहाज कायदा केला. त्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जिल्हा, तालुका, गाव पातळीवरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे नोंदणीचे काम सोपवावे आणि नावेची बांधणी व सुरक्षासाधनांचे किमान निकष ठरवावेत, अशी त्याची रचना आहे. आपल्या किती ग्रामपंचायतींत नावांची अशी नोंदवही आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावी जाऊन विचारावे. रस्त्यावर ट्रकखाली माणूस गेला तर मोटार अपघात दावा प्राधिकरण आहे. नदीत नाव उलटून मेलेल्याच्या वारसांसाठी असे वेगळे प्राधिकरण नाही. सागरी दाव्यांचा २०१७ चा कायदाही केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय अंतर्देशीय जहाजांना लागू होत नाही.

बाबासाहेबांची दृष्टी

यंत्राला विरोध करा, असे कुणी या लेखावरून समजू नये. ती आपली परंपरा नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, त्यामागे त्यांचे काम होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयीच्या परिषदेत त्यांनी पाण्याकडे संकट म्हणून न पाहता संपत्ती म्हणून पाहावे, पूर रोखणे, सिंचन, वीज आणि नौकानयन यांचा एकत्र विचार व्हावा, अशी मांडणी केली. त्याच आयोगातून आजचा केंद्रीय जल आयोग झाला. वैनगंगेवर आष्टी येथे पाण्याची पातळी मोजण्याचे या आयोगाचे केंद्र आहे. म्हणजे आपल्या नदीवरच्या त्या मोजपट्टीशी बाबासाहेबांचा संबंध आहे.

त्याच १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या खाजगी मालकीत जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि उपाय यंत्र मोडणे हा नसून लाभ सर्वांना मिळेल अशी रचना करणे हा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माणसाविना चालणाऱ्या जहाजालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

ती लावली तर आपल्या मागण्या आपोआप ठरतात.

पहिली, स्वायत्त जहाजांची चाचणी जिथे व्हायची त्या पाण्यातील स्थानिक नौका, डोंगे आणि जाळी ओळखता येतात हे सिद्ध झाल्याशिवाय परवानगी देऊ नये, आणि ही चाचणी मच्छीमारांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी.

दुसरी, अपघातानंतर जहाजातील सर्व नोंदी ठरावीक मुदतीत सरकारी यंत्रणेकडे जमा व्हाव्यात, पीडितांच्या वारसांना त्यांची प्रमाणित प्रत फुकट मिळावी आणि नोंद दडवली तर दोष जहाजमालकाचा मानला जावा.

तिसरी, यंत्राची नोंद प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीला पूरक राहील, तिची जागा घेणार नाही, हे वनहक्क नियमांप्रमाणे नौकानयनाच्या नियमांतही लिहिले जावे. संसदेने २०२५ साली नवा व्यापारी नौवहन कायदा केला आहे. त्याखालच्या नियमांत ही तरतूद करता येईल.

चौथी, २०२१ च्या कायद्याप्रमाणे वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरीच्या काठावरच्या प्रत्येक घाटावरील नावांची नोंद व्हावी आणि प्रत्येक नावेला सरकारी खर्चाने लाइफ जॅकेट मिळावेत. गोसीखुर्दमधून पाणी सोडले की नदीची पातळी वाढते. त्याचा इशारा घाटावर ऐकू येईल अशा भोंग्याने, मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू भाषांत दिला जावा. समुद्रातले जहाज आपली जागा सेंटिमीटरपर्यंत सांगू शकत असेल, तर नदी किती फूट चढली हे घाटावर सांगणे अवघड नाही.

पाचवी, दुरून जहाज चालवणारे, सेन्सर दुरुस्त करणारे, नदीचे नकाशे काढणारे असे नवे रोजगार येणार आहेत. भारतीय खलाशांची नोंद आणि प्रशिक्षण ज्या नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. या नव्या प्रशिक्षणात अनुसूचित जाती, जमाती आणि ढिवर-भोई-कोळी अशा पाण्यावर जगणाऱ्या जातींच्या मुलांना जागा आणि शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये हे विषय का शिकवले जाऊ नयेत?

वाचकांनी एक काम करावे. आपल्या तालुक्यातील घाटांची यादी करावी. प्रत्येक घाटावर किती नावा, किती नावाडी, रोज किती माणसे पलीकडे जातात, लाइफ जॅकेट आहेत की नाहीत, हे लिहून काढावे आणि ग्रामसभेचा ठराव करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे. हा कागद म्हणजे आपला नकाशा. उद्या कुठलेही यंत्र या नदीत उतरले, तरी या नकाशावर ज्यांची नोंद आहे त्यांना वगळून त्याला पुढे जाता येणार नाही. नोंद झाली की कायद्याला दखल घ्यावीच लागते, आणि घेतली नाही तर ती घ्यायला लावण्यासाठी कोर्ट आहे, रस्ता आहे, आणि आपण आहोत.